बिऱ्हाड कोणत्या वाटेने न्यावे?

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे आपल्या पेण व रोहे गावांत बिऱ्हाडे हलण्याचा हंगाम सुरू होतो. कोणाच्या वडिलांची बदली होते, कोणाच्या आईस परगावच्या इस्पितळात जागा मिळते, तर कोणाच्या थोरल्या भावाच्या शिक्षणाकरिता सारे कुटुंबच दुसरीकडे जाते. परीक्षेचा निकाल लागतो, शाळा सोडल्याचा दाखला हाती येतो, आणि घरात पेट्या, पिंपे व पोती यांची रास दिसू लागते. अशा वेळी मालमोटार कोणाची ठरवावी, भाडे किती द्यावे, हमाल किती लागतील, याची चर्चा दिवसचे दिवस चालते. परंतु 'जावयाचे कोणत्या वाटेने?' हा प्रश्न बहुधा अगदी शेवटच्या घटकेस निघतो, आणि 'जवळची असेल तिने' एवढ्या उत्तराने मिटतो. हल्ली तर हातातील मोबाईल क्षणार्धात नकाशावर निळी रेघ काढून देतो, व ती रेघ हीच वाट असे समजून लोक निघतात. गाडीत आजोबांचे सागवानी कपाट आहे की मांडीवर तान्हे मूल आहे, हे त्या रेघेस ठाऊक नसते. वाटेची निवड हे विचारपूर्वक करावयाचे काम आहे, आणि तो विचार कसा करावा हे शाळेत शिकविलेल्या भूगोलाच्या व गणिताच्या साहाय्याने सहज कळण्याजोगे आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात आमचा प्रयत्न आहे.

विवेचनास निश्चित रूप यावे म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, रोह्यातील एका कुटुंबास मिरजेस जावयाचे आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन इस्पितळामुळे मिरजेचे नाव आमच्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांस परिचयाचे आहे, आणि शुश्रूषेच्या व औषधोपचाराच्या कामानिमित्त तिकडे जाणारी माणसे सर्वच समाजांत आढळतात. तेव्हा हे उदाहरण कोणासही परके वाटू नये.

प्रथम नकाशा पुढे घ्यावा. पेण व रोहे ही दोन्ही गावे खाडीच्या काठची. समुद्रसपाटीपासून त्यांची उंची अगदी थोडी आहे. मिरज घाटमाथ्यापलीकडे देशावर आहे, व तिची उंची साडेपाचशे मीटरांच्या आसपास भरते. ह्या दोहोंमध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. म्हणजे कोणत्याही वाटेने निघाले तरी एकदा घाट चढणे आलेच. मार्गाची निवड म्हणजे मुख्यत्वे घाटाची निवड, हा पहिला सिद्धांत. दुसरी गोष्ट अशी की, सह्याद्रीवर पडणारे पाणी आंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी अशा नद्यांनी पश्चिमेकडे वाहते, आणि कोकणातून उत्तर-दक्षिण जाणारा महामार्ग ह्या प्रत्येक नदीस आडवा छेदून जातो. म्हणून कोकणातून जितके दक्षिणेस जावे तितके अधिक पूल ओलांडावे लागतात. घाट आणि पूल ही दोन स्थळे ज्याने नीट तपासली, त्याने अर्धी निवड केली असे समजावे.

आता वाटा मोजू. पहिली वाट बोरघाटाची. पेणकरांस खोपोलीचा रस्ता सरळ आहे. रोहेकरांनी वाकणवरून पालीमार्गे खोपोलीस यावे, बोरघाट चढून पुणे गाठावे, व पुढे सातारा, कऱ्हाड, सांगली करीत मिरजेस जावे. दुसरी वाट ताम्हिणी घाटाची. कोलाडहून विळ्याकडे वळून हा घाट चढला म्हणजे मुळशीच्या तलावाकाठून पौडमार्गे पुण्यास जाता येते, आणि पुढचा रस्ता पहिल्याप्रमाणेच. तिसरी वाट कुंभार्ली घाटाची. माणगाव, महाड, पोलादपूर, खेड असे कोकणातूनच दक्षिणेस चिपळुणापर्यंत जावयाचे, आणि तेथून घाट चढून कोयनानगर व पाटण यांवरून कऱ्हाडास उतरावयाचे. चौथी वाट आंबेनळी घाटाची. पोलादपुराहून महाबळेश्वरास चढून वाईवरून महामार्गास मिळावयाचे. महाडहून वरंधा घाटाने भोरकडे जाणारीही एक वाट आहे. परंतु ती अरुंद व दरडींची असून पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावी लागते, म्हणून तिचा विचार येथे करीत नाही.

नुसते अंतर पाहिले तर स्थूलमानाने रोह्याहून मिरज कुंभार्लीने सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर, ताम्हिणीने साडेतीनशेच्या थोडे वर, आणि बोरघाटाने पावणेचारशे ते चारशे किलोमीटर पडते. ह्यावरून कुंभार्लीची वाट सर्वांत उत्तम, असे उतावळा मनुष्य म्हणेल. परंतु अंतर हा प्रवासाचा एक घटक होय, सर्वस्व नव्हे. विद्यार्थ्यांनी पुढील गणित करून पाहावे. साठ किलोमीटर सपाट रस्ता ताशी ६० च्या वेगाने, आणि साठ किलोमीटर घाटवळणांचा रस्ता ताशी २० च्या वेगाने तोडला, तर सरासरी वेग किती? पुष्कळ मुले ६० व २० यांची बेरीज करून तिची निमपट करतात आणि उत्तर ४० देतात. ते चुकीचे आहे. पहिल्या भागास एक तास लागला, दुसऱ्यास तीन तास लागले. १२० किलोमीटरांस चार तास, म्हणून सरासरी वेग ताशी ३०. मंद रस्त्याचा भाग सरासरीस असा खाली ओढतो. त्यामुळे पन्नास किलोमीटरांची बचत एखाद्या तुंबलेल्या बाजारपेठेत किंवा नागमोडी वळणांत केव्हा नाहीशी झाली, हे कळतही नाही. माणगावच्या पेठेत गणेशोत्सवाच्या आगेमागे ज्यांची गाडी अडकली असेल, त्यांस ह्याहून अधिक सांगणे नको.

अंतरानंतर चढाचा विचार. खंडाळा सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, आणि महाबळेश्वर सुमारे १३५०. म्हणजे आंबेनळीच्या वाटेने जाणाऱ्या गाडीने दुपटीहून अधिक उंच चढावयाचे, आणि मिळविलेली निम्मी उंची पलीकडच्या उतारावर पुन्हा गमवावयाची. रिकाम्या छोट्या मोटारीस हे सोसते, आणि हवा स्वच्छ असता तो मार्ग रमणीयही आहे. परंतु लादलेल्या गाडीचे तसे नाही. चढावर यंत्र तापते. उतारावर तर धोका अधिक, कारण गाडीचा वेग आवरताना ब्रेकमध्ये उष्णता उत्पन्न होते, आणि सतत ब्रेक दाबीत राहिल्यास तो तापून त्याची पकड सुटू लागते. म्हणूनच जाणते चालक उतारावर खालचा गिअर टाकून यंत्राच्या अटकावानेच वेग धरतात. ह्यातून आणखी एक बोध निघतो. तीच वाट जाताना व येताना सारखी नसते. रोह्याहून मिरजेस जाणारी लादलेली गाडी बोरघाट चढते, मिरजेहून येणारी तो उतरते. तेव्हा जाताना जी वाट निर्धास्त वाटली, तिच्यावरही परतीच्या खेपेस अधिक सावध राहिले पाहिजे.

अवजड सामान घेऊन अडचणीची वाट धरणाऱ्याची काय गत होते, याचे एक ऐतिहासिक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज व जड सरंजाम घेऊन कोकणात उतरू लागला. बोरघाटाची रुळलेली वाट सोडून त्याने कुरवंड्याची आडवाट पत्करली. खाली उंबरखिंडीच्या अरुंद रानात शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी पुढची व मागची तोंडे रोखली. खानास ना पुढे जाता येई, ना वळता येई. अखेर शरण येऊन व सामानसुमान टाकून त्याने आपली सुटका करून घेतली. ही उंबरखिंड पाली-खोपोली रस्त्यापासून जवळच आहे. आज त्या रानात शत्रू नाही, हे खरे. परंतु ज्या वाटेवर गाडी वळविण्यास जागा नाही व साहाय्यास माणूस नाही, तिच्यावर बंद पडलेली मालमोटार जवळजवळ त्याच अवस्थेत असते.

येथे बोरघाटाचा विशेष ध्यानात येतो. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असता १८३० साली ह्या घाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला, १८६३ साली आगगाडी वर चढली, आणि २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे सुरू झाला. अशी जवळजवळ दोन शतके मनुष्याने ह्या एका घाटावर श्रम व द्रव्य खर्चिले आहे. त्याचे फळ असे की, तेथे रस्ता रुंद आहे, दरड पडली तरी ती काढणारी यंत्रे लवकर येतात, आणि गाडी बिघडल्यास कारागीर मिळतो. तेथे अपघात होत नाहीत असे मुळीच नाही. वेगाच्या हव्यासाने तेथेही पुष्कळ प्राण गेले आहेत. तथापि संकटसमयी मदत किती अंतरावर आहे, ह्या कसोटीस तो मार्ग इतरांहून अधिक उतरतो, आणि आमच्या मते बिऱ्हाड नेणाऱ्याने ही कसोटी किलोमीटरांच्याही वर मानावी.

ह्यापुढचा विचार ऋतूचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे बिऱ्हाडे मे-जूनमध्ये हलतात, कारण नव्या गावची शाळा जूनच्या मध्यास उघडते. नेमका तोच पावसाच्या आगमनाचा काळ. २०२५ साली तर मोसमी पाऊस मे महिन्याच्या २६ तारखेसच मुंबईत दाखल झाला, आणि 'पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात' ह्या जुन्या हिशेबावर विसंबणाऱ्यांची धांदल उडाली. कोकणच्या नद्या लांबीने लहान व उताराने तीव्र. डोंगरात पडलेले पाणी काही तासांत खाली येते. त्याच वेळी समुद्रास भरती असली म्हणजे खाडीचे पाणी त्यास वाट देत नाही, आणि नदी काठ सोडते. जुलै १९८९ मध्ये आंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा व नागोठणे येथे जो अनर्थ केला, त्याची आठवण सांगणारी वडील माणसे आजही ह्या भागात आहेत. जांभूळपाडा हा पालीहून खोपोलीस जाणाऱ्या वाटेवरच आहे. तेव्हा आम्ही ज्या वाटेची भलामण करीत आहो, तीही पावसाळ्यात निर्दोष नाही. त्या वाटेवर आंबेचे पाणी चढल्याची वार्ता असेल, तर रोहेकरांनी वळसा सोसून पेणवरून खोपोलीस यावे. आणि आंबेचे पाणी नागोठण्यातही चढले असेल, तर एक दिवस थांबावे, हे उत्तम.

कुंभार्लीच्या वाटेवर तर धोक्याची स्थळे एकापुढे एक आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील जुना पूल पुरात वाहून गेला. अंधारात चालकांस पूल गेल्याचे कळले नाही, आणि एस. टी. च्या दोन गाड्या व एक मोटार प्रवाशांसह पुरात गेली. त्या गाड्यांतील माणसे आपल्यासारखीच घरी किंवा कामावर निघालेली होती. त्यांच्या चालकांनी वाट चुकीची निवडली असेही कोणी म्हणू शकणार नाही, कारण तो राजमार्गच होता. नवा पूल २०१७ च्या जून महिन्यात खुला झाला. पुढे जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली सापडले, चिपळूण शहर बुडाले, आणि वाशिष्ठीच्या पुलाजवळ रस्ता वाहून जाऊन महामार्ग तुटला. चिपळुणाच्या अलीकडील परशुराम घाटात डोंगर कापण्याच्या कामासाठी २०२२ च्या उन्हाळ्यात दिवसाचे काही तास वाहतूक बंद ठेवावी लागली होती. आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस माणसे दगावली. ह्या गोष्टी आम्ही कोणास भिवविण्यासाठी सांगत नाही. त्या वाटांनी रोज शेकडो गाड्या सुखरूप जातात, आणि सुधारणाही होत आहेत. कशेडी घाटाखालील बोगद्यातून २०२३ च्या गणेशोत्सवात प्रथम वाहतूक सुरू झाली व जुनी वळणे टळली. सांगणे इतकेच की, साखळीचे बळ तिच्या सर्वांत अशक्त कडीएवढे असते, तसे वाटेचेही आहे. तीनशे किलोमीटर रस्ता उत्तम असला, आणि एक पूल किंवा एक दरड संशयास्पद असली, तर त्या दिवसापुरती ती सारी वाट संशयास्पदच मानावी.

ताम्हिणीविषयी दोन शब्द. तो भाग महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या स्थळांपैकी एक आहे. पावसाळ्यात तेथे धुके इतके दाटते की समोरची गाडी दिसत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी धबधबे पाहण्यास येणाऱ्यांची गर्दी होते ती वेगळीच. परंतु कोरड्या ऋतूत, दिवसाउजेडी, छोट्या मोटारीने जाणाऱ्या रोहेकरांस ती वाट सोयीची आहे, हे आम्ही मान्य करतो. मालमोटार बोरघाटाने व माणसे ताम्हिणीने, अशी विभागणीही करता येईल. मालमोटारीच्या पाठीवर सामानात माणसे बसवून नेणे मात्र कायद्याने निषिद्ध आहे. पैसे वाचविण्यासाठी कोणी तसे सुचविल्यास साफ नकार द्यावा.

आपल्या अगदी दारातील एक निराळी सोयही येथे सांगितली पाहिजे. कोकण रेल्वेने जानेवारी १९९९ मध्ये कोलाडपासून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत भरलेल्या मालमोटारी आगगाडीच्या उघड्या डब्यांवर चढवून नेण्याची सेवा सुरू केली. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास खाजगी मोटारींकरिताही तशी सोय जाहीर झाली. ज्यांस गोव्याकडे जावयाचे आहे, त्यांस घाटवळणे व पूल यांची चिंता चुकविणारी ही युक्ती विचारात घेण्याजोगी आहे. आपल्या उदाहरणातील कुटुंबास मात्र ती फारशी उपयोगी नाही, कारण वेर्ण्यास उतरून मिरजेस यावयाचे म्हणजे पुन्हा नवा घाट चढणे आले. सोय कितीही चांगली असली तरी ती आपल्या मुक्कामाच्या दिशेची आहे की नाही, हे आधी पाहावे.

तर मग निर्णय काय करावा? आमचे मत असे. भरलेली मालमोटार असेल तर कोणत्याही ऋतूत प्रथम बोरघाटाचा विचार करावा. कोरड्या दिवसांत, चालक त्या वाटेचा माहीतगार असल्यास, कुंभार्लीने जाण्यास हरकत नाही. पाऊस सुरू झाल्यावर तिकडे वळू नये. आंबेनळी हौसेच्या सहलीसाठी ठेवावी. निघण्यापूर्वी दोन दिवस हवामान खात्याचा इशारा पाहावा, आणि त्याच आठवड्यात त्या वाटेने गेलेल्या एखाद्या चालकास विचारावे. गणेशोत्सवाच्या दिवसांत कोकणच्या महामार्गावर अवजड वाहनांस दरवर्षी बंदी असते, तिच्या तारखा आधी माहीत करून घ्याव्या. पहाटे निघावे, म्हणजे घाट उजेडात चढून होतो. एक दुसरी वाट कागदावर लिहून ठेवावी, आणि कोणत्या गावापाशी पोहोचल्यावर पहिली सोडून दुसरी धरावयाची, हे घरीच ठरवावे. वाटेत, भुकेल्या मुलांच्या रडण्यात व चालकाच्या घाईत, शांतपणे विचार करणे कोणासही जमत नाही. दाखले, औषधे व पैसे मालमोटारीत न ठेवता आपल्याजवळ बाळगावे.

पेणच्या लोकांस ह्या साऱ्याचे फारसे नवल वाटू नये. गणपतीच्या मूर्ती दूरदूरच्या गावी पाठविताना येथील कारागीर किती काळजी घेतात, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहो. मूर्तीस एक तडा गेला तर वर्षाचे श्रम वाया जातात, हे ते जाणतात. मग ज्या गाडीत आपली आई, आपली भावंडे व आपला सारा संसार आहे, तिच्या वाटेविषयी त्याहून कमी काळजी का घ्यावी?

पवित्र शास्त्रातील निर्गमाच्या पुस्तकात एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. इस्राएल लोक मिसर देशातून निघाले तेव्हा पलिष्ट्यांच्या देशातून जाणारी वाट जवळची होती. परंतु देवाने त्यांस त्या वाटेने नेले नाही, रानातल्या दूरच्या वाटेने नेले, कारण जवळच्या वाटेवरील संकट त्या लोकांस सोसणारे नव्हते. त्यांच्याबरोबर मुले होती, म्हातारी माणसे होती, गुरेढोरे होती. वाट ठरली ती चालणाऱ्यांच्या शक्तीवरून. आणि शुभवर्तमानात, बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त प्रभूने सांगितला आहे, तोही येथे लागू पडतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरी बिऱ्हाड हलविण्याचे निघाले, तर तुम्हीही ह्या कामात भाग घेऊ शकता. नकाशाच्या पुस्तकातून वाटांचा आराखडा काढा. त्यावर घाट तांबड्या व पूल निळ्या खुणेने दाखवा. प्रत्येक टप्प्याचे अंतर व लागणारा वेळ मांडून बेरीज करा, भरतीच्या वेळा पाहून ठेवा, आणि तो कागद वडिलांच्या हाती द्या. ज्या भूगोलास तुम्ही पाठांतराचा विषय समजता, तो त्या दिवशी तुमच्या कुटुंबाच्या उपयोगी पडेल. आणि जी मुले ह्या वर्षी आपली शाळा सोडून परगावी जात आहेत, त्यांस आमचे सांगणे एवढेच की, तासभर उशीर झाला तरी चालेल, सुखरूप पोहोचा, आणि पोहोचल्याचे पत्र शाळेस अवश्य पाठवा.